ग्राइंडरच्या खुणा

स्टेनलेस स्टीलच्या टाक्यांचे जोड तपासणं हा माझा धंदा. आधी भोसरीत, आता अमेरिकेत. औषधांच्या टाकीत आतल्या बाजूला ग्राइंडरचा एक ओरखडा दिसला तरी मी माल परत पाठवतो. मग एका संग्रहालयाने अमेरिकन शिल्पकार डेव्हिड स्मिथच्या ‘क्युबी’ मालिकेतलं स्टीलचं शिल्प तपासायला बोलावलं, तेव्हा इथे पास काय आणि नापास काय, हेच मला आधी ठरवावं लागलं.

शिल्प बागेत, उघड्यावर. स्टीलच्या पोकळ पेट्या एकमेकींना कडेकडेने चिकटून, तिरक्या तोललेल्या. एका जोडाखाली तांबूस डाग पडले होते. जोड आतून गंजतोय अशी भीती होती आणि तेवढा भाग बारीक डिस्कने घासून चकचकीत करावा, असा प्रस्तावही कुणीतरी देऊन ठेवला होता.

मी सवयीने डाय पेनिट्रंटचा, म्हणजे बारीक भेगांत शिरून त्या दाखवणाऱ्या लाल रंगाचा, डबा काढला. संवर्धन बघणाऱ्या बाईंनी तिथेच थांबवलं. तो रंग ओरखड्यांत बसला तर निघायचा नाही! मग भिंग आणि टॉर्च घेऊन इंच इंच पाहत गेलो. सगळ्या पृष्ठभागावर ग्राइंडर फिरलेला, पण हात कुठेही अडखळलेला नाही. वळणावर वळण, दाब कमी-जास्त. ऊन सरकलं की तीच पेटी निळसर दिसे, मग पांढरी. स्मिथने हे मुद्दाम केलं होतं. आकाशाचा, आजूबाजूचा रंग स्टीलने उचलावा म्हणून.

हा हात कारखान्यात तयार झालेला. 1925 मध्ये साउथ बेंडच्या स्टुडबेकर मोटार कारखान्यात त्याने काम केलं, दुसऱ्या महायुद्धात स्केनेक्टडीला रणगाडे आणि रेल्वे इंजिनं वेल्ड केली. ब्रुकलिनच्या गोदीजवळ ज्या ‘टर्मिनल आयर्न वर्क्स’मध्ये तो काम करायचा, तेच नाव त्याने बोल्टन लँडिंगच्या आपल्या वर्कशॉपलाही दिलं. 1962 मध्ये इटलीतल्या व्होल्त्री इथे, बंद पडलेल्या कारखान्यांतलं भंगार वापरून त्याने महिन्याभरात 27 शिल्पं उभी केली. एवढ्या कामात किती टॅक (वेल्डचे तात्पुरते टाके), किती कटिंग लागतं हे मला ठाऊक आहे, म्हणून तो आकडा मला अजून खरा वाटत नाही. 1965 च्या मे महिन्यात बेनिंग्टनजवळ त्याचा ट्रक उलटला आणि तो गेला. क्युबी मालिका 28 शिल्पांवर थांबली.

घासण्याच्या प्रस्तावाला बाई का घाबरल्या होत्या, ते त्यांनी जेवताना सांगितलं. स्मिथ गेल्यावर त्याच्या काही शिल्पांवरचा पांढरा रंग खरवडून काढण्यात आला. वारशाची व्यवस्था पाहणाऱ्यांत क्लेमंट ग्रीनबर्गसारखा नावाजलेला समीक्षक होता. 1974 मध्ये कला-अभ्यासक रोझालिंड क्राउस यांनी ते उघड केलं, तोवर रंग गेला तो गेलाच. ऐकून मला राग आला. कारागिराच्या माघारी त्याचं फिनिशिंग बदलायचा अधिकार कुणी दिला?

दुपारी ओल्या कापसाने एक डाग टिपला, तर तो चक्क कापसावर आला. खालचं स्टील शाबूत, जोड घट्ट. मग आजूबाजूला चौकशी केली. काही दिवसांपूर्वी जवळच साध्या लोखंडाचं रेलिंग कापलं होतं. त्याची धूळ उडून इथे बसली आणि पावसाने गंजली.

अहवालात लिहिलं: सौम्य सायट्रिक आम्लाने डाग पुसावेत, शुद्ध पाण्याने धुवावं, बागेत लोखंड कापू नये. आणि मोठ्या अक्षरांत: डिस्क लावू नये.