टायगर मॉथ, मामा आणि मैदान

ओहायोतल्या डेटनला नोकरी लागली तेव्हा नागपुरात सगळ्यांना गावाची ओळख करून देताना मी एकच सांगायचो: राइट बंधूंचं गाव. 1903 सालचं त्यांचं पहिलं उड्डाण इथून खूप लांब, किटी हॉकच्या समुद्रकाठी झालं. पण हवेत वळायचं कसं, गोल फिरून परत जागेवर यायचं कसं, हे ते 1904 आणि 1905 मध्ये डेटनजवळच्या हफमन प्रेअरी नावाच्या कुरणात शिकले. कुरण एका बँकवाल्याचं होतं. त्यानं भाडं घेतलं नाही, फक्त उडवण्याआधी गायी बाहेर काढा म्हणाला. हे कुरण मी पाहून आलोय. बघायला काही नाही, नुसतं गवत. पण त्या सगळ्या गोष्टीत मला राइटांच्या इंजिनाइतकंच महत्त्वाचं वाटतं ते हे फुकटात मिळालेलं गवत.

मी स्वतः उडवतो ती रिमोटवरची मॉडेल विमानं. हिवाळ्यात इथे छंदवाल्यांचे जुन्या सामानाचे बाजार भरतात, तिथे एक मोडकं टायगर मॉथ मिळालं. खरं टायगर मॉथ 1931 चं, ब्रिटनच्या द हॅविलंड कंपनीचं: एकावर एक दोन पंख, मध्ये खांब आणि तारा, पुढेमागे दोन उघड्या बैठका. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांतही कितीतरी वैमानिक त्याच्यावरच तयार झाले. माझं त्याच्या एक पंचमांश आकाराचं, म्हणजे पंख 70 इंचांचे.

व्हिडिओ कॉलवर मामाला दाखवलं. मामा मनीषनगरला राहतो, त्यामुळे नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरणारं प्रत्येक विमान त्याच्या गच्चीवरूनच जातं असा त्याचा समज आहे. कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये होता. त्या काळी तारांना बांधून गोल गोल फिरवायची कंट्रोल लाइन विमानं त्यानं उडवली आहेत, कलकत्त्याला बनणाऱ्या अरोरा डिझेल इंजिनांवर. ईथर, रॉकेल आणि एरंडेल हे त्यांचं इंधन. पडद्यावर पाहताक्षणी ओरडला, "अबे पोट्ट्या, टायगर मॉथ होय हे! पण याचं तं कंबरडंच मोडून राह्यलं."

कंबरडं म्हणजे खालच्या पंखाचा मुख्य दांडा, धडापासून वीतभर अंतरावर तुटलेला. शिवाय इंजिन जाम, इंजिन ज्या प्लायवर बसतं ती फळी तेलानं काळी पडलेली, आणि रिसीव्हरच्या जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीची काळी तार आतून पार कुजलेली. ही तार कुजायची खोड त्या बॅटऱ्यांना होतीच, आणि गंज तारेतून सरकत स्विचपर्यंत जातो. म्हणून बॅटरी, स्विच, रिसीव्हर सगळं काढून टाकलं आणि 2.4 गिगाहर्ट्झचा नवा संच बसवला. तो भाग सोपा. पैसे दिले, झालं.

इंजिन म्हणजे 15 सीसीचं फोर-स्ट्रोक ग्लो इंजिन. याचं इंधन मेथेनॉल, त्यात तेल आणि थोडं नायट्रोमिथेन. स्पार्क नसतो. प्लगमध्ये प्लॅटिनमची बारीक गुंडाळी असते. सुरू करताना तिला दीड व्होल्ट देऊन लाल करायची, मग बॅटरी काढून घ्यायची. पुढे दाबाची उष्णता आणि प्लॅटिनमवर मेथेनॉलची होणारी प्रक्रिया यांच्या जोरावर ती आपली आपण तापत राहते. तेलात एरंडेल असेल आणि इंजिन वर्षानुवर्षं पडून राहिलं, तर ते आत डिंकासारखं घट्ट होतं. मी पाना लावणार इतक्यात मामानं तिकडून दटावलं. "जोर नको लावू. गरम कर, मेथेनॉल सोड, अन् गुमान बस." हीट गननं तापवलं, मेथेनॉल सोडलं, थंड होऊ दिलं, पुन्हा तापवलं. शेवटी प्रोपेलर हातानं फिरला तेव्हा एरंडेलाचा तो जळका गोडसर वास गॅरेजभर पसरला, आणि इकडे मला नुसता वास आला पण तिकडे मामाला म्हणे त्याचं कॉलेज दिसलं.

तेल प्यालेल्या लाकडाला गोंद धरत नाही. कॉर्नफ्लोअर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलचा लेप लावला की तो वाळताना तेल ओढून घेतो. आजूबाजूचा बाल्सा, म्हणजे मॉडेलचं हलकं लाकूड, त्यानं वाचला, फळी मात्र नवीच कापली. दांडा जोडताना दोन्ही टोकं तिरकी तासली, जाडीच्या आठपट लांब उतार देऊन, म्हणजे गोंदाला भरपूर जागा मिळते. गोंद म्हणाल तर हळू सुकणारं इपॉक्सी. पाच मिनिटांत सुकणारं घाईच्या लोकांसाठी असतं, असं माझं स्पष्ट मत आहे. इथल्या जानेवारीत गॅरेजमध्ये ते सुकेचना, शेजारी बल्ब लावून ठेवावा लागला. आपल्या मे महिन्यात तेच वाटीतल्या वाटीत दगड झालं असतं.

दोन पंखांच्या विमानाचा खरा ताप तारा आणि कोनांचा. वरचा आणि खालचा पंख हवेला किती कोनात भिडतो ते डाव्या-उजव्या बाजूला सारखं हवं, नाहीतर विमान सरळ जातच नाही. त्यात टायगर मॉथला एलेरॉन, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, फक्त खालच्या पंखांना. खाली वळलेला एलेरॉन त्या बाजूचा पंख मागे ओढतो, मग विमान डावीकडे कलतं आणि नाक उजवीकडे जातं. म्हणून वर जाणारा एलेरॉन जास्त आणि खाली जाणारा अगदी थोडा हलेल अशी जोडणी करायची, आणि तरीही वळताना रडर, म्हणजे शेपटीची नाक वळवणारी उभी पट्टी, द्यायचाच. नाक आखूड असल्यामुळे तोल साधायला पुढे शिसं भरावं लागलं ते वेगळंच.

आणखी एक. या विमानाचं खरं इंजिन उलटं असतं, सिलिंडर खाली, म्हणून मॉडेलचंही तसंच. उभं ठेवलं की इंधन झिरपून सिलिंडरच्या डोक्यात साचतं. द्रव दबत नाही. अशा वेळी स्टार्टर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकलाच समजा. आधी प्रोपेलर हातानं पूर्ण फिरवून बघायचा, अडला तर प्लग काढायचा.

कागदपत्रांचं फारसं काही नाही. 250 ग्रॅमच्या वरच्या मॉडेलसाठी इथल्या विमानखात्याकडे पाच डॉलर भरून तीन वर्षांची नोंदणी, आणि एक फुकट ऑनलाइन परीक्षा. क्लबचं मैदान म्हणजे शेतातला कापलेल्या गवताचा पट्टा, एक पत्र्याची शेड, चार टेबलं. आता बहुतेक जण बॅटरीवरची विमानं आणतात. इंजिनवाले उरलेत ते साठीपुढचे, आणि नीडल (इंधनाचं मिश्रण कमीजास्त करायचा स्क्रू) कोणाची कशी वाजतेय हे ते पाठमोरे असले तरी सांगतात.

एप्रिलमध्ये उडवलं. गंमत अशी की डेटन आणि नागपूर दोन्ही समुद्रसपाटीपासून साधारण 300 मीटरवर, त्यामुळे मामाची नीडलबद्दलची मतं इथे जशीच्या तशी लागू पडतात असं तो म्हणतो. हवामानाचा फरक तो धरत नाही. फुल थ्रॉटल देऊन नाक आभाळाकडे धरलं, आवाज पडला नाही, म्हणजे मिश्रण ठीक. थ्रॉटल हळूहळू द्यायचा, उजवा रडर तयार ठेवायचा. शेपटी उचलली गेली आणि विमान धावणं विसरून तरंगायला लागलं. टायगर मॉथ झेप वगैरे घेत नाही. आरामात निघतं, एखाद्या रिटायर्ड हेडमास्तरसारखं. मात्र उतरताना सांभाळा: दोन पंख, खांब, तारा, सगळे हवेला अडवतात, थ्रॉटल पूर्ण काढला की वेग एकदम मरतो. चाकं गवताला लागेपर्यंत थोडा जोर ठेवायचा.

मामानं सगळं पाहिलं, आणि मग तो प्रश्न विचारला जो तुम्हीही विचाराल. "अन् इकडं कुठं उडवायचं?"

डेटनचे म्हातारे आपल्यापेक्षा हुशार नाहीत. आपल्याकडे इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगणारे मेकॅनिक गल्लोगल्ली आहेत, दांडा जोडणारे सुतार आहेत. त्यांच्याकडे मैदान आहे, इतकंच. 1949 मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री नागपुरात जमायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून परत जायची. देशाच्या मधोमध असल्याचा हा मान. पण विमानतळ शहरातच असल्याचा तोटाही आहे. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळापासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काहीच उडवता येत नाही, आणि 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांची मर्यादा. आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळावरचा नकाशा उघडून बघायचा. म्हणजे मामाची गच्ची तर बादच, शहरातली बहुतेक मैदानंही बाद.

उरतात शेतं. पऱ्हाटीच्या वावरात उतरवलं तर खालच्या पंखाचं कापड फाटून हातात येईल. सोयाबीन निघाल्यावर हरभरा पेरायच्या आत मात्र उमरेडकडे काही वावरं मोकळी असतात, आणि दिवाळी साधारण त्याच सुमारास येते. मामीच्या माहेरच्यांची तिकडे शेती आहे. बोलणी सुरू आहेत. धुऱ्याकडची पट्टी सपाट करायला ते तयार आहेत, पण डिझेलचा खर्च कोणाचा यावर अडलंय.

मी दिवाळीत येतोय. एकदा इंधन घातलेलं इंजिन विमानाच्या सामानात चालत नाही, कितीही पुसलं तरी, त्यामुळे टायगर मॉथ इथेच राहील. नवं, खोक्यातलं, कोरं इंजिन आणि मूठभर प्लग आणतो. नायट्रोशिवाय, ऐंशी-वीस मेथेनॉल-एरंडेलावर ते व्यवस्थित चालतं. एरंडेलाची सोय मामानं आधीच केली आहे. मेथेनॉलचं परवान्याचं काय ते तो विचारून ठेवतोय.