लाल पेनाचे अकरा गोल

चाकणला एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवतात त्या विभागात, कामाला असताना मी इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.ला प्रवेश घेतला; म्हणजे अभ्यास घरबसल्या, आपला आपणच. बारावीपर्यंत सगळं मराठी माध्यमात. पुस्तकांचं पार्सल आलं त्या रात्री इंग्रजीचा पहिला खंड अर्धा वाचून काढला. पुढचे तीन महिने ते पार्सल कॉटखालीच होतं. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात पुस्तक उघडायचं त्राण नसायचं, आणि अभ्यास केला काय न केला काय, विचारणारं कोणी नव्हतं. 1 क्रेडिट म्हणजे 30 तास, तेव्हा 4 क्रेडिटच्या विषयाला 120 तास. माझे सहाही झाले नव्हते.

असाइनमेंटची तारीख आली. असाइनमेंटना निकालात 30 टक्के वजन असतं, म्हणून झेरॉक्सच्या दुकानातून तयार उत्तरं आणली आणि एका रात्रीत उतरवून काढली. गुण चांगले पडले. पण पानांवर एकही शेरा नव्हता, आणि उतरवलेलं एक वाक्यही मला आठवत नव्हतं. फार वाईट वाटलं. कोणी असं करत असेल तर कळकळीने सांगतो, करू नका.

पुढच्या असाइनमेंटमध्ये एखाद्या प्रक्रियेचं वर्णन मागितलं होतं. मी डाय चेंज, म्हणजे प्रेस मशीनचा साचा बदलणं, लिहायला घेतलं, माझं रोजचं काम. लिहिताना कळलं, इथे कर्मणी प्रयोगच लागतो: डाय क्रेनने उचलली जाते, जागेवर ठेवली जाते, क्लॅम्प आवळले जातात. शाळेत ज्या पॅसिव्ह व्हॉइसची धास्ती घेतली होती, तो माझ्या हातातल्या कामात रोज होता. दीड पानाला दोन रविवार गेले.

गुण आधीपेक्षा कमी. पण इग्नूच्या अभ्यास केंद्रावरच्या मॅडमनी लाल पेनाने अकरा गोल केले होते, बहुतेक 'अ' आणि 'द' सुटलेल्या जागांवर. मराठीत ही उपपदं नाहीतच, त्यामुळे सुटली तरी आपल्याला खटकत नाहीत. आणि खाली इंग्रजीत एक प्रश्न: क्लॅम्प आवळण्याआधी डाय सरळ बसली हे कसं तपासता?

ते पान मी रूमवर कितीदा वाचलं असेन. मी लिहिलेलं कोणीतरी मन लावून वाचलं होतं आणि त्यांना पुढचं जाणून घ्यायचं होतं! रविवारी केंद्रावर संपर्क सत्र, म्हणजे मॅडमचा वर्ग, असायचा, तिथे गेलो, उभा राहिलो आणि तीन वाक्यांत इंग्रजीतून उत्तर दिलं. मध्ये दोनदा अडलो. मॅडम थांबल्या, शब्द पुरवला नाही, मला शोधू दिला.

त्या आठवड्यापासून शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसमध्ये दिवसभराच्या कामावर पाच ओळी लिहायला लागलो. तिसऱ्या असाइनमेंटवर चार गोल आले.