दाराच्या चौकटीवरचा कोड चाकाचा नसतो

बहिणीच्या गाडीचं पुढचं डावं अलॉय चाक फुटपाथच्या कडेला घासलं. तिची अट साधी होती : बाकीच्या तीन चाकांत हे वेगळं उठून दिसता कामा नये. घासलेली कड पुट्टी भरून, पॉलिश पेपरने सपाट करणं हे हमालीचं काम आहे, त्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. खरी परीक्षा शेडची.

रंग मिसळून देणाऱ्याने सवयीने दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा कोड विचारला. तो कोड बॉडीचा. चाकाच्या सिल्व्हरला बहुतेक कंपन्या वेगळा रंग वापरतात आणि त्याचा कोड गाडीवर सहसा कुठेच नसतो. चाकाच्या पाठीवर उठवलेले आकडे पाहून हुरळायचं नाही. त्यात साईज, ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते), पार्ट नंबर असतो, रंग नाही. पार्ट नंबरवरून शेडचं नाव मिळालं तर नशीब.

मग शेड डोळ्यानेच काढायची. मधली टोपी काढली की खाली कंपनीतून निघाला तसा कोरा रंग असतो, आणि बरेच जण त्यावरच जुळवतात. मला ते पटत नाही. तो रंग कितीही अस्सल असला, तरी नव्याने रंगवलेल्या चाकाच्या जोडीला उभी राहणार ती उन्हापावसात राहिलेली आजची तीन चाकं. म्हणून मी चाकाच्या बाहेरच्या तोंडावर जुळवतो. त्याआधी ते नीट धुवायचं. ब्रेकच्या भुकटीतले लोखंडाचे कण लॅकरमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, रुतून रंग तपकिरी भासवतात, नुसत्या शाम्पूने जात नाहीत. त्यासाठीचं क्लीनर मारलं की जांभळे ओघळ येतात. ओघळ यायचे थांबले की मगच शेडकार्ड हातात घ्यायचं.

आणि बरोबर मिसळलेला रंगसुद्धा स्प्रे गनमधून चुकीचा उतरू शकतो. सिल्व्हरमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे चपटे कण असतात. रंगाचा हात ओला, म्हणजे जाड, पडला तर रंग सुकेपर्यंत ते हलतात, तिरपे होतात, आणि समोरून शेड गडद दिसते. हात कोरडा पडला तर ते सपाट बसतात, शेड उजळते. डबा तोच, थिनर तोच! त्यामुळे नमुन्याचं कार्ड चाक रंगवायच्याच गनने, त्याच दाबावर, तेवढ्याच अंतरावरून मारायचं, क्लिअरसकट, म्हणजे वरच्या त्या पारदर्शक लॅकरसकट. क्लिअरशिवाय शेड ठरवणं म्हणजे अंदाजपंचे. सुकल्यावर कार्ड चाकाला टेकवून उभं धरायचं, समोरून बघायचं, मग कडेने. समोरून जुळलेलं सिल्व्हर कडेने काळवंडलेलं दिसलं तर ते जुळलेलं नाही. हे सगळं दिवसाउजेडी करायचं. ट्यूबलाइटखाली जुळलेल्या दोन शेड बाहेर आल्यावर एकमेकींना ओळखही देत नाहीत.

बहिणीचं चाक साधं सिल्व्हर होतं, हे बरं. हायपर सिल्व्हर असतं तर काळ्या बेसवर सिल्व्हरचे अगदी पातळ हात, आणि दर हाताला शेड बदलते. तिथे एकच कार्ड पुरत नाही. एक हात, दोन हात, तीन हात असे पट्टे मारलेलं कार्ड लागतं. डायमंड कटच्या चकचकीत तोंडावर तर रंगच नसतो, लेथवर कातलेलं उघडं अ‍ॅल्युमिनियम आणि वर क्लिअर. त्याला सिल्व्हरचा डबा दाखवूच नये.

एवढं करून मी बहिणीला सांगितलं, मागचं डावं चाकही काढ. ती म्हणाली, ते तर धडधाकट आहे. आहेच. पण गाडीच्या दोन्ही बाजूंची चाकं एका नजरेत कधीच येत नाहीत, आणि एका बाजूची दोन्ही नेहमी येतात. डावीकडची जोडी एकाच डब्यातून, एकाच बैठकीत रंगवली, तर उजवीकडच्या जोडीशी असलेला केसभर फरक शोधायला गाडीभोवती फिरावं लागतं. थोडी कुरकुर करून तिने दुसरा जॅक आणून दिला.