अर्ध्या तासाची पूर्वसूचना

८ फेब्रुवारी २०२४. सकाळचे सहा वाजून गेले होते. आइसलँडमधल्या केफ्लाविकमध्ये या दिवसांत सूर्य उगवेपर्यंत साडेनऊ वाजून जातात, त्यामुळे खिडकीतून नारिंगी उजेड आत आला तेव्हा क्षणभर मला काही कळेचना. पडदा सरकवला तर दक्षिणेकडचं अख्खं आभाळ खालून पेटल्यासारखं दिसत होतं. पहाटे साडेपाचच्या सुमाराला ग्रिंडाविक गावाच्या उत्तरेला भूकंपांचे बारीक झटके सुरू झाले होते आणि सहाच्या आसपास जमीन फाटून लाव्हा वर आला होता. मधला वेळ जेमतेम अर्धा तास. तो अर्धा तास मी गाढ झोपेत होते.

थोड्या वेळाने आईचा फोन आला. बातम्यांत तिने ते आभाळ माझ्याआधीच पाहिलं होतं. मी सुखरूप आहे, उद्रेक इथून बराच लांब आहे, हे ऐकल्यावर तिने एकच प्रश्न विचारला, "अगं, एवढे शास्त्रज्ञ आहेत ना तिकडे, मग ते आधी का नाही सांगत?" फोनवर मला तिला नीट सांगता आलं नाही. गेली काही वर्षं मी ज्या जमिनीवर राहतेय, तिच्याबद्दल वाचत गेले ते बरंचसं या प्रश्नामुळे.

आइसलँडच्या नैऋत्य टोकाला रेक्यानेस नावाचं द्वीपकल्प आहे. उत्तर अमेरिका आणि युरेशिया हे दोन भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड तुकडे, इथे एकमेकांपासून वर्षाला साधारण दोन सेंटिमीटरने दूर सरकतात. अटलांटिकच्या तळाशी धावणारी मध्य-सागरी डोंगररांग इथे समुद्रातून वर येते, म्हणजे एरवी पाण्याखाली चाललेली घडामोड आम्हाला घराच्या खिडकीतून दिसते. तेराव्या शतकानंतर जवळपास आठशे वर्षं इथले ज्वालामुखी शांत होते. १९ मार्च २०२१ ला फाग्रादाल्सफ्यातल इथे पहिला उद्रेक झाला. पुढे २०२२ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२३ च्या जुलैमध्ये आणखी दोन झाले. तिन्ही निर्जन भागांत होते. लोक डोंगर चढून बघायला जायचे, मीही गेले होते. लाव्हा थंड होताना काच तडकल्यासारखा बारीक आवाज सतत येत राहतो. तो मला अजून आठवतो.

१० नोव्हेंबर २०२३ ची संध्याकाळ मात्र वेगळी होती. दुपारनंतर झटके थांबतच नव्हते. एक संपतोय म्हणेपर्यंत दुसरा. कपाटातले पेले एकमेकांवर किणकिणायचे, टेबलावरच्या पाण्यावर गोल तरंग उठायचे आणि ते विरायच्या आत पुढचे यायचे. इथलं हवामान खातंच भूकंप आणि ज्वालामुखींवरही लक्ष ठेवतं. त्यांच्या नकाशावर ३ पेक्षा मोठ्या भूकंपाला हिरवी चांदणी दाखवतात. एरवी एखादी चांदणी दिसली तरी आम्ही ऑफिसात तिच्याविषयी बोलतो. त्या संध्याकाळी चांदण्यांवर चांदण्या चढल्या होत्या, खालचा नकाशाच दिसेना. रात्री ग्रिंडाविक पूर्ण रिकामं करण्याचा आदेश निघाला. सुमारे ३,८०० माणसं हाताला येईल ते घेऊन गाड्यांत बसली. गोंधळ नाही, आरडाओरडा नाही. दोन-तीन दिवसांनी त्यांना काही मिनिटांपुरतं घरी जाऊ दिलं. कुणी मांजर आणलं, कुणी फोटो आणले.

त्या रात्री गावाखाली काय घडलं, हे आइसलँड विद्यापीठातले फ्रेस्टेन सिग्मुंडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडलं. शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, वर येताना नेहमी नळीतूनच येतो असं नाही. तो खडकात उभी चीर पाडतो आणि त्या चिरेत शिरतो. या उभ्या, पातळ पण लांबलचक भिंतीला डाइक म्हणतात. त्या रात्री सुमारे १५ किलोमीटर लांबीची डाइक काही तासांत तयार झाली. आत शिरणाऱ्या शिलारसाचा वेग सर्वाधिक होता तेव्हा तो सेकंदाला ७,४०० घनमीटर असावा, असा त्यांचा हिशोब आहे. हा आकडा मी दोनदा वाचला. आधीच्या तीन उद्रेकांत जमिनीवर येताना दिसलेला लाव्हा त्यापुढे ओहोळासारखा होता.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्यामागचं कारण. एवढ्या वेगासाठी खाली प्रचंड दाब लागत असेल असं कुणालाही वाटेल. पण भूपट्ट शेकडो वर्षं एकमेकांपासून ओढले गेल्याने इथला खडक आधीच ताणलेला होता. खालच्या शिलारसाच्या साठ्यात दाब माफकच होता, पण खडकाला पहिली चीर गेली आणि मग त्या ताणानेच शिलारस आत ओढून घेतला. त्यामुळे शिलारस कुठून फुटेल याचा अंदाज येतो, पण एकदा फुटायला लागला की हाताशी फार वेळ उरत नाही. आणि तरीही त्या रात्री उद्रेक झालाच नाही. तो झाला पाच आठवड्यांनी, १८ डिसेंबरला रात्री सव्वादहा वाजता.

डिसेंबर २०२३ ते जुलै २०२५ या काळात ग्रिंडाविकच्या उत्तरेला असलेल्या सुंदनूकुरच्या विवरांच्या रांगेत नऊ उद्रेक झाले. दर वेळी क्रम साधारण एकच होता. स्वार्त्सेंगी इथल्या भूऔष्णिक केंद्राखाली चार-पाच किलोमीटरवर शिलारस साचतो. वरची जमीन रोज काही मिलिमीटर उचलली जाते. जीपीएस केंद्रं आणि उपग्रहांवरचे रडार ते मोजतात, आणि त्यावरून आत किती दशलक्ष घनमीटर साठलं याचा अंदाज बांधतात. तो आकडा मागच्या उद्रेकाच्या वेळच्या आकड्याजवळ आला की धोक्याचा इशारा वर चढतो. म्हणजे 'कधी' असं विचारलं तर उत्तर 'किती' असं मिळतं. सुरुवातीला मला ते टाळाटाळीचं वाटायचं. आता मला ते सर्वांत प्रामाणिक उत्तर वाटतं, कारण तारीख सांगणं शक्य नसताना ते तारीख सांगत नाहीत.

शेवटचा अर्धा तास मात्र लांबवता येईल का, यावरचं संशोधन वाचून मी खरोखर थक्क झाले. नोव्हेंबरच्या त्या घटनेनंतर काही दिवसांतच अमेरिकेतल्या कॅल्टेक या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी इथल्या सहकाऱ्यांबरोबर ग्रिंडाविकजवळून जाणाऱ्या सुमारे १०० किलोमीटर लांबीच्या ऑप्टिकल फायबर केबलला एक यंत्र जोडलं. ही केबल दूरसंचाराची, जमिनीत आधीच पुरलेली. यंत्र काचेच्या धाग्यात लेसरचे स्पंद सोडतं. काचेत सूक्ष्म दोष असतातच, त्यांच्यावरून थोडा प्रकाश मागे परततो. जमीन केसाहूनही कितीतरी कमी ताणली गेली तरी धागा तिथे ताणला जातो आणि परतणाऱ्या प्रकाशात फरक पडतो. दर काही मीटरला एक संवेदक पुरल्यासारखंच हे. भूकंपमापक यंत्रं खडकाची थरथर टिपतात. ही केबल जमीन संथपणे ताणली जातानाही मिनिटामिनिटाला टिपते, आणि शिलारस सरकत असतो तेव्हा जमीन अशीच ताणली जाते.

जियाशुआन ली, झोंगवेन झान आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. केबलने शिलारस घुसण्याच्या नऊ घटना टिपल्या. त्यांपैकी सहांमध्ये उद्रेक झाला, तीनमध्ये शिलारस आतच थांबला. उद्रेकाआधी अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत इशारा देता येतो, असं त्यात दिसलं. लांबून हा वेळ किरकोळ वाटेल. पण ब्लू लगून या गरम पाण्याच्या तलावाजवळच्या हॉटेलात झोपलेल्या पाहुण्यांना, लाव्हा अडवायला बांध घालणाऱ्या यंत्रांवरच्या रात्रपाळीच्या कामगारांना तेवढ्या वेळात बाहेर पडता येतं. ते अनेकदा पडलेही आहेत.

फेब्रुवारीतल्या त्या दिवशी दुपारपर्यंत लाव्हा गरम पाण्याच्या मुख्य पाइपपर्यंत पोचला आणि पाइप तुटला. इथली घरं त्याच पाण्यावर गरम राहतात. द्वीपकल्पावरच्या २० हजारांहून अधिक लोकांची घरं भर थंडीत गार पडायला लागली. आधीपासून तयारीत ठेवलेली पर्यायी पाइपलाइनही लाव्हाखाली फुटली. वीज जपून वापरा, एकाच खोलीत बसा, अशा सूचना आल्या. शेजारच्या आजी दार ठोठावून विचारायला आल्या, "तुझ्याकडे हीटर आहे का? माझ्याकडे दोन आहेत." रेडिएटरवर तळहात ठेवून तो किती गार झालाय हे दर तासाला बघण्याची सवय मला त्या दिवसांत लागली. काही दिवसांनी पाइपमधून हवेची गुळगुळ ऐकू आली, मग पाण्याची. मी उठून पुन्हा हात ठेवला. कोमट होता.

१ एप्रिल २०२५ ला सुमारे २० किलोमीटर लांबीची डाइक तयार झाली, नोव्हेंबर २०२३ पेक्षाही लांब. उद्रेक मात्र छोटासा झाला आणि काही तासांत आटोपला. शिलारस एवढ्या लांब जाऊनही फारसा वर का आला नाही, यावर आता काम चाललंय. ते वाचायला मी उत्सुक आहे, कारण आईच्या प्रश्नाचा तो पुढचा भाग आहे. कधी फुटेल यापेक्षा फुटेल की नाही, हे ओळखणं कदाचित जास्त अवघड आहे.

ग्रिंडाविक ऑक्टोबर २०२४ मध्ये लोकांसाठी पुन्हा खुलं झालं, तेव्हा मी गेले होते. रस्त्याच्या मधोमध भेगा बुजवलेल्या दिसतात, डांबराचा रंग तिथे वेगळा आहे. अशीच एक भेग बुजवत असताना २०२४ च्या जानेवारीत एक कामगार आत पडला, तो सापडलाच नाही. काही मैदानांना कुंपण आहे, कारण खाली पोकळी असू शकते. जानेवारीच्या उद्रेकात जळालेल्या तीन घरांच्या जागी काळा लाव्हा आहे, आणि त्याला अगदी लागून एक घर जसंच्या तसं उभं आहे. खिडकीत अजून पडदा होता.

तिथूनच मी आईला फोन लावला आणि कॅमेरा फिरवून सगळं दाखवलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आज जमीन किती वर आलीय ते बघितलंस का?"