सराफाच्या काट्यावर सहा पिस्टन

ऐन डिसेंबरातली गोष्ट, ऊसतोड जोरात सुरू होती. कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या माझ्या गॅरेजपुढे सकाळी सकाळी एक रिकामा ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हरमामा डाव्या हाताची बोटं चोळतच खाली उतरले. "मिस्त्री, गिअरचा दांडा धरवत नाही बघा. गाडीनं जरा पळ घेतला की हाताला मुंग्या येत्यात."

गाडीला टाटाचं ६९७ इंजिन. सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास, नावातच सगळं आलं. दहा दिवसांपूर्वी दुसरीकडे ते उघडलं होतं. तीन नंबरचा नोझल, म्हणजे डिझेल फवारणारी तोटी, फवाऱ्याऐवजी थेंब टाकत होता, त्यानं पिस्टनचं डोकं जाळलं. तिथल्या मिस्त्रीनं तीन आणि चार नंबरचे पिस्टन आणि ते ज्यात फिरतात ते लायनर नवे घातले, बाकीचे चार चांगले होते म्हणून तेच ठेवले. काम वरवर चोख होतं. धूर नाही, बॅक कॉम्प्रेशन नाही म्हणजे पिस्टनच्या बाजूनं दाब खाली गळत नाही, स्लोला (रेस न देता) इंजिन शांत. पण आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांचा, काटा १८०० च्या पुढे गेला की अख्खी केबिन झिणझिणायची.

मागोमाग मालक मोटारसायकलवर आले. चेहरा उतरलेला. "सगळी म्हणत्यात क्रँक, पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, काढून बॅलन्सिंगला टाका. हंगामात गाडी आठ दिवस उभी राहिली तर हप्ता कशानं भरू?"

मी आधी फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते, रबर बघितले. गाडी न्यूट्रलला ठेवून रेस केली, थरथर तशीच. म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या जॉइंट-शाफ्टचा संबंध नाही. एकेक नोझलचा पाइप सैल करून पाहिला, सहाही सिलिंडर सारखंच काम करत होते. मग माझ्या मनात एकच शंका उरली, वजनाची.

क्रँक काढायला मी सरळ नकार दिला. व्ही आकाराच्या इंजिनाची गोष्ट वेगळी. तिथे क्रँक बॅलन्स करताना पिस्टन-रॉडच्या हिशेबाची वजनं क्रँकपिनला अडकवावी लागतात, म्हणून पिस्टनचं वजन बदललं की क्रँकही पुन्हा मशीनवर चढवावा लागतो. एका ओळीतल्या सहा सिलिंडरला ते लागत नाही. एक-सहा, दोन-पाच आणि तीन-चार अशा तीन जोड्या, एकमेकींपासून १२० अंशांवर. पिस्टन-रॉड सारख्या वजनाचे असतील तर त्यांचे धक्के आपसातच फिटतात. क्रँक एकटाच मशीनवर फिरवून बॅलन्स होतो. तो तिथे नेला असता तर निर्दोष ठरून परत आला असता, आणि वजनातला फरक जिथल्या तिथेच राहिला असता.

हेड उतरवलं, खालचा ऑइलचा चेंबर खोलला, दुपारपर्यंत सहाही पिस्टन बाहेर. कार्बन खरवडून साफ केले, ज्याच्या त्याच्या रिंगा आणि पिस्टन रॉडला जोडणारी पिन त्याच्याबरोबर बांधून वर नंबर टाकले. माझ्या काट्यावर ५० ग्रॅमच्या खालचं काही कळत नाही. म्हणून मालकांना मागे बसवून थेट कोल्हापुरातली गुजरी, सराफांची पेठ, गाठली. ओळखीच्या सराफांनी चांदी तोलायचा काटा पुढे सरकवला, खाली कागद अंथरला. दुकानातली गिऱ्हाइकं थांबून बघत होती.

जुन्या चौघांत २ ग्रॅमचाही फरक निघाला नाही. तीन नंबर ३८ ग्रॅमनं जड, चार नंबर ४१. पिन वेगळ्या तोलल्या तेव्हा कळलं, त्यातले दहा-बारा ग्रॅम तर जाड पिनचेच होते. पिस्टन दुसऱ्या मेकचे होते. माप तंतोतंत, पण वजन कुणी केलंच नव्हतं.

आणि नेमके हे दोघं एकाच जोडीतले! दोघं बरोबर वर जातात, बरोबर खाली येतात. स्ट्रोक, म्हणजे वर-खाली जायचं अंतर, १२८ मिलिमीटरचं. कागदावर मालकांना ढोबळ हिशेब करून दाखवला. हे ८० ग्रॅम ६०० आरपीएमला दोन किलोच्या जोरानं ओढतात. २४०० ला तोच जोर ३३ किलोंच्या घरात जातो, तोही सेकंदाला ४० वेळा वर-खाली. फेरे चौपट झाले की जोर सोळापट. स्लोला इंजिन गुपचूप का होतं, ते त्या कागदावर दिसलं. मालक बराच वेळ काट्याकडे बघत राहिले.

"मग आतून घासून हलका नाही का करता येणार?" त्यांनी विचारलं. पाच-सात ग्रॅम असते तर मी केलं असतं. ४० ग्रॅम काढायचे म्हणजे पिनच्या आधाराचीच धातू खायची. डिझेलचा दाब त्याच पिनवर उतरतो. तसला पिस्टन घालून मामांना रस्त्यावर पाठवणं मला जमणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एकाच मेकचा सहाचा सेट आणला आणि पिशवी सोडायच्या आधी पुन्हा सराफांकडे नेला. सहांत मिळून ३ ग्रॅमचा फरक. नोझल डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडून तपासून घेतले, तीन नंबरचा फवारा मी स्वतः उभा राहून पाहिला. तो पुन्हा थेंब टाकू लागला असता तर नवा पिस्टनही जळालाच असता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हायवेला ट्रायल घेतली. मामा स्टिअरिंगवर, मी शेजारी. काटा १८०० ओलांडून २२०० वर गेला. मामांनी डावा हात दांड्यावर ठेवला, मग नुसती दोन बोटं टेकवली. पुलापर्यंत ते काही बोलले नाहीत.

"मिस्त्री," गाडी वळवताना ते म्हणाले, "आता फडावर फोन करतो. मोळ्या बांधायला सांगतो."

रात्री दहाला गाडी भरायला गेली.