वसईला? सहलीला?

सोमवार, १९ जानेवारी

२६ जानेवारी यंदा सोमवारी येतेय, हे धाकट्याने केव्हाच हेरून ठेवलं होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याने पेन्सिलीने एक होडी काढून ठेवली आहे, शनिवारपासून सोमवारपर्यंत लांब. होडी का, तर "समुद्राला जायचंय." मोठीला पुढच्या वर्षी दहावी, म्हणजे जूनपासून घरात संचारबंदी. जायचं तर आत्ताच.

रात्री जेवताना विषय काढला. नवरा म्हणाला इगतपुरी. इगतपुरीला आम्ही पाहुण्यांना घेऊन इतक्यांदा गेलोय की तिथले चहावाले आम्हाला ओळखतात. मोठी म्हणाली अलिबाग, कारण वर्गातल्या तिघींनी तिथले फोटो टाकलेत. जोडून सुट्टी असताना अलिबाग म्हणजे अर्धा दिवस वडखळला गाडीत बसून वेफर्स खायचे. मी म्हटलं, वसई.

"वसईला? सहलीला?" नवऱ्याचा घास हातातच राहिला. "लोक वसईला फ्लॅट घ्यायला जातात."

त्याच्या डोक्यातली वसई म्हणजे विरार लोकलची गर्दी आणि स्टेशनला चिकटून उभ्या राहिलेल्या इमारती. ती वसई आहेच. वसई, विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर अशा नगरपालिका एकत्र करून २००९ साली तिथे महानगरपालिका झाली, तेव्हा गावपण किती उरलं असेल अशी शंका कोणालाही यावी. पण मी एका मैत्रिणीच्या लग्नाला गेले होते तेव्हा स्टेशनपासून पश्चिमेला रिक्षाने वीस मिनिटं गेल्यावर एकदम केळीच्या बागा लागल्या. विहिरी, कौलारू घरं, वळणावर एखादं चर्च, भाजीच्या वाफ्यांना पाणी लावणारी लाल लुगड्यातली आजी. ते डोक्यात बसलं होतं.

शिवाय माझं एक गणित आहे. जोडून सुट्टी आली की अर्धी मुंबई नाशकात येते, गंगापूर रोडला त्यांच्याच गाड्या. मग नाशिककरांनी शनिवारी सकाळी मुंबईकडे सुटावं आणि रविवारी परत यावं. दोन्ही वेळेला गर्दी समोरच्या बाजूला. आणि सोमवारी झेंडावंदनाला मुलांना शाळेत पोचायचंच आहे, म्हणजे रविवारी परत येणं भागच.

हे गणित नवऱ्याला पटलं. बाकी कशाने पटलं नसतं.

मंगळवार, २० जानेवारी

सासूबाई कालपासून गप्प होत्या. आज तिळाच्या वड्या कापता कापता म्हणाल्या, "वसई म्हणजे आपल्या घंटेची वसई ना गं?"

आई पंचवटीतल्या. नारोशंकराच्या देवळाच्या सावलीत वाढलेल्या. ते देऊळ १७४७ सालचं, आत देव रामेश्वर, पण ओळख घंटेची. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या विजयात मिळालेली ती घंटा. गोदेला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीवरून पाणी मोजतात. मारुती गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत. आणि पाणी नारोशंकराच्या घंटेला लागलं म्हणजे मग बोलायलाच नको. आईंच्या लहानपणीच्या प्रत्येक पुराच्या गोष्टीत ती घंटा आहे. ती आली ते गाव मात्र त्यांनी कधी पाहिलेलं नाही. पंचाहत्तर वर्षांत नाशिक-वसई अंतर त्यांना कापता आलं नाही, कारण मधे कल्याणला नणंदेचं घर लागतं.

मग त्यांनी धाकट्याला चिमाजी आप्पांची गोष्ट सांगितली. वेढा लांबत चालला तेव्हा आप्पा म्हणाले म्हणे, किल्ला हाती येत नसेल तर निदान माझं डोकं तोफेत घालून आत उडवा. धाकट्याचा चेहरा उजळला. आत्तापर्यंत त्याला फक्त होडी हवी होती, आता तोफही हवी आहे.

बुधवार, २१ जानेवारी

आजचा दिवस फोनवर गेला.

आधी समुद्राजवळची एक जागा पाहिली होती. तरणतलाव, झोपाळे, फोटोत सगळं निळंशार. सोमवारी रात्रीच दोन हजार आगाऊ भरले. आज सकाळी निरोप, "लाँग वीकेंडमुळे खोलीमागे दोन हजार जास्त." मी म्हटलं, भरले तेव्हा काय लाँग वीकेंड रद्द झाला होता का? उत्तर नाही. चार फोन, सात मेसेज आणि नवऱ्याचा एक पुरुषी आवाजातला फोन, एवढ्यानंतर दुपारी पैसे परत आले. नवऱ्याला वाटतं त्याच्या फोनमुळे. वाटू दे.

संध्याकाळी त्याच मैत्रिणीला गाठलं. तिच्या माहितीतल्या एका कुटुंबाची वाडी आहे, घराच्या मागच्या दोन खोल्या देतात. बाईंशी बोलले. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "मासे खाता ना?" म्हटलं चौघं खातो, सासूबाई नाही. "मग त्यांना वालाच्या शेंगा आणि वांगी. वाडीतलीच." भाव ठरवायच्या आधी मेनू ठरला, तेव्हाच माझं मन ठरलं. तरणतलाव नाही, विहीर आहे. धाकटा म्हणतो विहीर चालेल. चालेल काय, बघायला! आत्ताच बजावून ठेवलं आहे.

रात्री रस्त्यावरून वाद. नवऱ्याला समृद्धीनेच जायचंय. शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा गेल्या जूनमध्ये सुरू झाल्यापासून त्याला तो जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा स्वतः चालवत पार करायचा आहे. आईंना कसारा घाटानेच जायचंय, कारण घाटनदेवीला हात जोडल्याशिवाय त्या आजवर खाली उतरलेल्या नाहीत. मी दोघांकडे बघितलं आणि पोळ्या लाटत राहिले. शेवटी तह झाला. जाताना घाट, येताना बोगदा. खाली भिवंडीहून कामण-चिंचोटीच्या रस्त्याने वसई. तो रस्ता ट्रकांचा आहे आणि खड्ड्यांचाही, म्हणून सहाला निघायचं. म्हणजे आमच्या घरात साडेसात.

येतानाचं मात्र एक गुपित मी राखून ठेवलंय. वसईच्या किल्ल्याजवळच्या जेट्टीवरून भाईंदरला रो-रो सुटते, २०२४च्या फेब्रुवारीपासून. गाडीसकट बोटीत चढायचं, खाडी ओलांडून पलीकडे उतरायचं, मग घोडबंदर, ठाणे, आमणे. वळसा घालून मोठ्ठं अंतर, पाण्यातून पाव तास. कॅलेंडरवरच्या होडीला हे माहीत नाही.

गुरुवार, २२ जानेवारी

आज सकाळी गणेश जयंतीचा नैवेद्य, संध्याकाळी हळदीकुंकू. सहलीपायीच हे असं एका दिवसात कोंबावं लागलं, कारण रविवारी रथसप्तमी, त्यानंतर हळदीकुंकू करता येत नाही आणि रविवारी मी वसईत. वाण म्हणून कापडी पिशव्या लुटल्या. सोळा बायका आल्या. "कुठे जाताय?" "वसईला." "अगंबाई, कोणाकडे काही...?" वसईला सुखासमाधानाने जाता येतं हे कोणालाच पटत नव्हतं. एकीने तर जागांचे भाव विचारले.

पायांची कणिक झाली आहे. बाकी उद्या.

शुक्रवार, २३ जानेवारी

यादी छाटायचा दिवस. आमच्या घरी मोठी यादी करते आणि मी खोडते. तिने लिहिलं होतं: वसई किल्ला, अर्नाळ्याचा किल्ला, सुरुची बाग, कळंबचा किनारा, निर्मळ, तुंगारेश्वर, जीवदानी, वॉटर पार्क. दीड दिवसात. तासांचे रकाने आखून, रंगीत पेनांनी. पोरगी पुढे सरकारी अधिकारी होणार.

वॉटर पार्क पहिल्यांदा खोडलं. पाण्याच्या घसरगुंडीला आईंना कुठे बसवायचं? तुंगारेश्वर पावसाळ्याचं. अर्नाळ्याला होडीत चढायचं तर पाण्यात उतरावं लागतं आणि आईंचा गुडघा. जीवदानीवर मी अडले. तेराशेहून जास्त पायऱ्या, पण रोपवे आहे, आणि आईंनी देवीचं नाव वाचलेलं होतं. शनिवार-रविवारची सुट्टी, रांग किती असेल कोण जाणे. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "देवी कुठे जात नाही. किल्ला नीट बघू." मी जीवदानीवर हलकीच रेघ मारली, वाचता येईल अशी.

उरलं काय? किल्ला, सुरुची बागेतल्या सुरूंखालून समुद्रावर संध्याकाळ, जमलं तर निर्मळचं शंकराचार्यांच्या समाधीचं मंदिर, आणि सुकेळी. सुकेळीचं माझं मी घुसडलं. राजेळी केळी सोलून दिवसचे दिवस उन्हात वाळवतात, मधासारखा रंग येतो, आणि केळीच्याच वाळक्या पानात बांधून विकतात. आगाशीची प्रसिद्ध. मैत्रिणीने एकदा आणली होती, एकीचे पाच तुकडे करून खाल्ली होती आम्ही.

वसईचा किल्ला निवडण्याचं अजून एक कारण कोणाला सांगितलं नाही. तो सपाट आहे. डोंगर नाही, चढण नाही, आतून गाडीरस्ता थेट जेट्टीपर्यंत जातो. नाशिकच्या आसपास एवढे किल्ले, पण आईंना आम्ही गेल्या दहा वर्षांत एकाही किल्ल्यावर नेलं नाही. पायथ्याशी गाडीत बसवून "आलोच हं" म्हणत गेलो.

सामान भरताना आईंच्या पिशवीत एक मातीचं बोळकं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन गोवऱ्या सापडल्या. "रविवारी दूध उतू घालायला नको? सूर्य काय वसईला उगवत नाही?"

शनिवार, २४ जानेवारी, रात्री

पावणेआठला निघालो. घाटनदेवी झाली. कामणच्या रस्त्यावर नवरा जे बोलला ते रोजनिशीत लिहिण्यासारखं नाही.

किल्ल्यात प्री-वेडिंगची गर्दी. झगे सावरत तीन नवऱ्या एकाच कमानीसाठी रांगेत उभ्या. त्यांना वळसा घालून चिमाजी आप्पांच्या पुतळ्यापाशी गेलो, मग एकामागून एक चर्चं. छपरं गेलेली, भिंती उभ्या, भिंतींतून वडपिंपळ. सेंट जोसेफच्या मनोऱ्यात काळोखा गोल जिना आहे, मुलं आणि नवरा वर गेले. मी आणि आई खाली एका घडीव दगडावर बसलो. आई मान वर करून मनोऱ्याकडे बघत राहिल्या. इथलीच, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. मी वाद घातला नाही.

बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "एवढ्या वरून उतरवली कशी असेल गं? दोर कसला लावला असेल?"

वरून धाकटा ओरडला, "आजी, घंटाच नाहीये इथे!"

"माहितीये," आई ओरडल्या. "आमच्याकडे आहे."

शेजारून जाणारं एक जोडपं थबकलं.

जेवताना वाडीच्या बाईंनी गोन्सालो गार्सियांची गोष्ट सांगितली. जन्म वसईचा, १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर चढवलं, पुढे १८६२ मध्ये संतपद. मोठीने फोन खाली ठेवला, हीच बातमी. "वसईहून नागासाकी? त्या काळात?" नवरा तिसऱ्यांदा कोळंबी घेत होता. फ्लॅटचा विषय त्याने दिवसभरात काढलेला नाही.

सुकेळीच्या चार जुड्या घेतल्या. एक संपली.

उद्या पहाटे दूध उतू घालायचं आहे. बाईंना जरा संकोचूनच विचारलं, तर त्यांनी बॅटरी घेऊन विहिरीच्या पूर्वेची मोकळी जागा दाखवली, धूर घरात येणार नाही अशी, आणि वाडीतलं दूध सहाला देते म्हणाल्या. बोळकं आईंनी उशाशी ठेवलंय. गोवऱ्या तासभर सापडत नव्हत्या. डिकीत होत्या, धाकट्याच्या समुद्रावरच्या ओल्या चपलांखाली. एक भिजली आहे. एकीत भागेल, असं आई म्हणतात.