रस्त्याचा पाट

मुळशी तालुक्यातल्या एका वाडीचा मुरमी रस्ता. तीन वर्षं दर मे महिन्यात मुरूम पडतो आणि आषाढात वाहून जातो. यंदा जुलैत भर पावसात तो चालून पाहिला. मुरमी रस्त्याची पाहणी पावसातच करावी. उन्हात तो सगळीकडे सारखाच दिसतो.

आधी आडवी दोरी ताणली. रुंदी 3 मीटर. एवढ्या पावसात मध्यापासून दोन्ही कडांकडे 4 टक्के उतार लागतो, म्हणजे मध्य कडांपेक्षा 6 सेंटिमीटर उंच हवा. इथे तो दोरीच्या 8 सेंटिमीटर खाली होता आणि दोन्ही कडांना वरंबे. चाकोरीतून गढूळ पाणी थेट उताराला धावत होतं. हे जेसीबीच्या बकेटने 'लेव्हल' मारण्याचं फळ! वर टँकर न बोलावता कोरड्या मुरमावर रोलर फिरवलेला. मुरूम मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, इतपतच ओल हवी. रोलर कडेकडून मध्याकडे न्यायचा. कोरडा मुरूम वरून गुळगुळीत दिसतो, आत मोकळाच राहतो. 100 मीटरला 15 सेंटिमीटरचा सैल थर म्हणजे जवळपास 16 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). तेवढा माल दरसाल ओढ्यात जातोय, याचा मला राग येतो.

पाणी शिरत होतं वरच्या वळणावर. तिथली रस्त्याखालून पाणी नेणारी मोरी 300 मिलिमीटरच्या पाइपाची, तोंडाशी पालापाचोळा आणि खताची पोती. एवढ्या पाइपात फावडंही नीट चालत नाही. 600 च्या खाली पाइप टाकूच नये, आणि त्यावर निदान 60 सेंटिमीटर भराव हवा, नाहीतर पहिलाच भरलेला डंपर तो फोडतो.

त्या दिवशी नवा मुरूम टाकला नाही. चिखलात पडला की त्याचाही चिखलच होतो. टिकाव-फावड्याने मोरीचं तोंड मोकळं केलं आणि खालच्या बाजूचा वरंबा दर 15-20 मीटरवर तोडला. तासाभरात चाकोरीतला लोंढा ओसरला.

तेवढ्यात खालच्या शेतातल्या काकू इरलं सावरत बांधावर आल्या. "साहेब, हे पाणी माझ्या खाचरात आलं तर मुरूम बसंल. लावणी कालच झालीया." त्यांचं खरं होतं. रोपांच्या बुडाशी लाल गाळ साचायला लागलेला दिसत होता. त्यांच्या बाजूची दोन तोंडं दगड लावून बुजवली.

दिवाळीनंतर वरचा 10 सेंटिमीटर थर उकरून, पाणी मारून, उतार देऊन पुन्हा दाबता येईल. पण पाणी ओढ्यापर्यंत न्यायला 40 मीटर चर लागतो. अंदाजपत्रकात मुरूम आहे, चर नाही. तो जातो दुसऱ्याच्या बांधातून, आणि त्यांचा होकार अजून आलेला नाही.